तुझ्या जागी कोण बोलणार

सुमनताई, तू गेल्याची चार ओळींची बातमी आमच्या पेपरात आली. ती मी लिहिलेली नाही. डेस्कवरच्या सहकाऱ्याला तुझं नाव, भोर गाव आणि शिवणक्लास एवढं सांगितलं, बाकी त्याने नीट जमवलं. तिच्यात तुझ्या सिनेमाचा उल्लेख नाही. तो मी मुद्दाम दिला नाही. त्या सिनेमातल्या एका वाक्यावरून तुझं-माझं भांडण चालू होतं, आणि ते मिटेपर्यंत सिनेमाबद्दल एक अक्षर छापायचं नाही, असं तू मला बजावलं होतंस. परवाच्या रविवारी तुझ्या क्लासात ते मिटलं. म्हणून लिहायला बसलो.

तुला यातलं बहुतेक सगळं माहीत आहे. वाचणाऱ्यांना नाही, तेव्हा थोडं पहिल्यापासून सांगतो. तू मध्येच "मुद्द्यावर ये" म्हणणार, तेही धरून चाललो आहे.

तुझा आतेभाऊ बोटीवर नोकरीला. एका सुट्टीत तो आठ मिलिमीटरचा कॅमेरा आणि प्रोजेक्टर तुझ्याकडे ठेवून गेला. चावीचा कॅमेरा. घड्याळासारखी चावी द्यायची आणि ती उतरेपर्यंत चित्र घ्यायचं. आवाज त्यात येत नाही. ज्यांच्या घरी असले कॅमेरे असतात ते मुलांचे वाढदिवस घेतात, सहलीतला घोडा घेतात. तू मला म्हणालीस, "आपण फॅशनवर सिनेमा काढू."

"भोरात कसली फॅशन?" मी म्हणालो. पुण्याला नोकरी लागून मला तेव्हा फार दिवस झाले नव्हते.

तू मला क्लासच्या दारात आणून उभं केलंस. बाजारचा दिवस होता. धोतरावर टेरिकॉटचा शर्ट घातलेले एक आजोबा गेले. एसटीतून उतरताना स्वतःच्याच बेलबॉटमवर पाय पडलेला एक कॉलेजकुमार गेला. नऊवारीवर पुण्याच्या पद्धतीचं बंद गळ्याचं पोलकं घातलेली एक बाई तो नवा गळा पदराने लपवत गेली.

"हे अंगावर चढवायच्या आधी यातल्या प्रत्येकाला कुणीतरी काहीतरी बोललेलं आहे," तू म्हणालीस. "कापडवाला बोललाय, नाहीतर टेलर, नाहीतर घरचं माणूस. तेवढंच घ्यायचं. कपडे आपोआप येतील."

कथा नव्हती, संवाद नव्हते. नियम तेवढा एक होता. ज्याला ज्याचा राग येतो त्याने त्याचं काम करायचं, आणि बोलायचं ते मनाने. कापडाच्या दुकानातल्या शेठना राग यायचा तो थानंच्या थानं उलगडायला लावून काही न घेता जाणाऱ्या कॉलेजच्या पोरांचा. तू त्यांना पोटावरून बेलबॉटम शिवून दिलीस आणि कॉलेजचा पोरगा केलंस. हिराबाई वेल्ह्याकडच्या धनगरवाडीवरची, मेंढरं राखणारी, लेकींची पोलकी तुझ्याकडे शिवायला टाकणारी. तिला राग शेठचा. तिला तू शेठच्या गादीवर बसवलंस, हातात मीटरची पट्टी देऊन.

"टेरिकॉट दाखवा," शेठ म्हणाले.

"घेणार हाय का निस्तं हात लावून जाणार?"

"मावशी, बघू तर द्या."

"ते तुला झेपायचं न्हाई. त्यो खालचा मांजरपाट बग."

शेठ पोरगा व्हायचं विसरले. "मी असं कधी बोलतो?"

"मला काय इचारता?" हिराबाई पट्टी आपटून म्हणाली. "तुमच्या गड्यास्नी इचारा."

दुकानातले दोन गडी कपाटाआड तोंडात रुमाल कोंबून हसत होते. तेही चित्रात आले आहेत.

मग रिळाची गंमत झाली. या कॅमेऱ्यात रीळ आधी एका बाजूने वापरतात, मग उलटून दुसऱ्या बाजूने. पालीच्या माळावर हिराबाईची मेंढरं घेऊन दोन्ही बाजू संपवलेलं रीळ तू नवं समजून पुन्हा कॅमेऱ्यात घातलंस आणि त्याच्यावर क्लासातल्या मुलींची फॅशन परेड घेतलीस. मुंबईहून धुऊन आलं तेव्हा मुली नव्या कुडत्यांत ऐटीत चालल्या होत्या आणि त्यांच्या पोटातून मेंढरं चालली होती. मागे राजगड. मी म्हणालो, हे काढून टाक.

"का?" हिराबाई म्हणाली. "माजी मेंढरं काय वंगाळ दिसत्यात?"

ते राहिलं. पुढे प्रत्येक शोला सगळ्यात मोठा हशा तिथेच पिकायचा.

सगळी रिळं जोडून क्लासात पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मात्र कुणी हसलं नाही. माणसं नुसती तोंडं हलवत होती. आपण चित्र घेताना पोट धरून हसलो होतो आणि त्यातलं काहीच उरलं नव्हतं. तू दिवा लावलास, चादरीचा पडदा जरा पुढे ओढलास आणि सगळ्यांना त्याच्या बाजूला सतरंजीवर बसवलंस. "परत लावते. ज्याचं तोंड हलेल त्याने बोलायचं."

"पण तेव्हा काय बोललो ते आठवतंय कुणाला?" शेठ म्हणाले.

"आठवू नका. आज जे वाटतंय ते बोला."

तिथून तो सिनेमा खरा सुरू झाला. दर शोला बोलणं नवं. बाजारात ज्वारी वाईट निघाली की हिराबाई कापड विकता विकता ज्वारीवर घसरायची. शेठनी एकदा प्रेक्षकांत बसलेल्या आपल्या जावयाला पडद्यावरून टोमणे मारले. एका शोत मी कागद काढून बोलणी टिपायला लागलो, तर अंधारातून तुझा आवाज आला, "बातमीदार, कागद खिशात."

शोसाठी आपण किती ठिकाणी फिरलो. दिवसाउजेडी अंधार करायचा म्हणून हिराबाई वाडीवरच्या घोंगड्या गोळा करून आणायची आणि खिडक्यांना टांगायची. खोलीत लोकरीचा वास भरून राहायचा. पालीला वीज होती ती पिठाच्या गिरणीत. तिथून वायर ओढायची तर गिरणी बंद ठेवावी लागणार. गिरणीवाल्याने अट घातली की पहिल्या रांगेत बसणार, आणि दळण घेऊन आलेल्या बायाही त्याच्याबरोबर बसल्या. त्याच फेरीत कापूरहोळला प्रोजेक्टरचा पट्टा तुटला. गॅरेजवाल्याने हात वर केले. तू पिशवीतून शिलाई मशीनचा चामडी पट्टा काढलास, कापून, टाका घालून बसवलास. तो आजही तोच आहे. जरा सैल झाला की माणसं किंचित सावकाश चालतात.

एवढं सांगितलं म्हणजे वाचणाऱ्यांना वाटेल, मजेचा खेळ होता. होताच. पण त्यात नाना होते.

नाना हे भोरचे जुने टेलर. अर्ध्या गावाच्या लग्नाचे कोट त्यांच्या हातचे. तुमच्या घरी भिंतीवर बुद्धाच्या तसबिरीशेजारी तुझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नाचा फोटो आहे. त्यात तुझे बाबा नव्या कोटात ताठ उभे आहेत, दोन्ही हात पाठीमागे. मी एकदा म्हणालो, "बाबा अगदी साहेब दिसतात." तू म्हणालीस, "बाही लांब झालीय. दिसू नये म्हणून हात मागे." मग पुढचं सांगितलंस. नाना तुमच्या वस्तीतल्या माणसांना टेप लावत नसत. माणूस ओट्याखाली उभा राहायचा आणि नाना वरून, नजरेने अंदाज घ्यायचे. टेप गळ्यात तशीच लोंबत असायची. शिवायला कधी नाही म्हणाले नाहीत, अंगाला कधी हात लावला नाही. बाबांचा तो कोट तसाच शिवलेला. हे तू सरळ, एका दमात सांगितलंस आणि चहा टाकायला आत गेलीस. तू टेलर का झालीस, हे मी नंतर कधी विचारलं नाही.

तुझ्या नियमाप्रमाणे तू नाना झालीस. नानांना राग गिऱ्हाइकांचा, म्हणून ते गिऱ्हाईक. नाना आनंदाने आले होते, टोपी नवीन घालून. त्यांच्याच दुकानात चित्र घ्यायचं ठरलं. तू ओट्यावर मशीनशी, नाना खाली रस्त्यावर. कॅमेरा माझ्या हातात होता. हिराबाई आणि शेठ माझ्या मागे उभे होते.

नाना पायरी चढायला लागले.

"तिथंच उभा राहा," तू म्हणालीस.

नाना थांबले. पायरीवरचा पाय खाली घेतला आणि मापासाठी दोन्ही हात पसरले. तू टेप गळ्यातच ठेवलीस. जागची न हलता वरून त्यांच्याकडे बघत खांदा, छाती, बाही असे एकेक आकडे बोलत गेलीस. शेवटी म्हणालीस, "झालं. अंदाजानं घेतलं. पुढच्या बाजारी ये."

नाना हात पसरून तसेच. त्यांच्या ध्यानात आलं ते मला भिंगातून दिसलं. आधी चेहऱ्यावरचं हसू गेलं, मग हात खाली आले. रस्त्याने एक सायकल गेली. मग नाना म्हणाले, "मग टेप गळ्यात कशाला?"

"सवय आहे," तू म्हणालीस.

चावी अजून शिल्लक होती. तू पायरी उतरलीस, टेप काढलीस आणि नानांच्या छातीभोवती घेतलीस. नानांनी हात पुन्हा वर केले. तिथे चावी उतरली.

बाबांनी जे कधी विचारलं नाही ते नानांनीच विचारलं होतं, भर रस्त्यावर, स्वतःच्या दुकानासमोर. आणि ते कुठेही नोंदलेलं नव्हतं. चित्रात त्यांचे ओठ हलतात, एवढंच. पहिल्या शोला ते दृश्य आलं. तू अंधारात तुझं म्हणालीस, "झालं, अंदाजानं घेतलं," आणि थांबलीस. पडद्यावर नानांचे ओठ हलले. सतरंजीवरचे नाना म्हणाले, "जरा ढगळच ठेवा बाई, पोट वाढलंय." लोक हसले. दुसऱ्या शोला म्हणाले, "दिवाळीच्या आत मिळेल ना?" पालीला म्हणाले, "खिसा आतून ठेवा, बायकोला दिसायला नको." लोक दर वेळी हसले. तू दर वेळी त्यांच्या बोलण्याला साजेसं उत्तर दिलंस. पण "अंदाजानं घेतलं" म्हटल्यावर तू थांबायचीस, ते जरुरीपेक्षा किंचित जास्त. ती जागा नानांना कळत होती. मलाही.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. पालीहून परतताना एसटीत मी म्हणालो, "मी ते वाक्य छापणार. मी स्वतः ऐकलंय. हिराबाईने ऐकलंय, शेठनी ऐकलंय. बातमीला आणखी काय लागतं?"

"तू छापलंस की नाना दुसऱ्या दिवशी म्हणणार, मी बोललोच नाही. चार जण त्यांच्या ओट्यावर बसून म्हणणार, फसवून बोलायला लावलं. मग ते वाक्य त्यांचं राहणार नाही, तुझ्या पेपरचं होईल."

"आणि ते पुन्हा कधी बोललेच नाहीत तर?"

"बोलतील."

"कशावरून?"

"शो चालू आहे ना. दर वेळी त्यांना सवड आहे."

मी म्हणालो, याला भोळेपणा म्हणतात. तू म्हणालीस, "तुझ्या बातमीत माणूस कधी बोलतो का रे? 'ते म्हणाले' म्हणून तूच सांगतोस."

पुढे कितीदा हेच झालं. तू आजारी पडल्यावर मी विषय काढायचा नाही असं ठरवलं, तर तूच काढलास. पुण्याला दवाखान्यात, उशीला टेकून, नेहमीच्या आवाजात विचारलंस, "अजून छापलं नाहीस ना?"

"नाही."

"शहाणा आहेस. शो थांबवू नका."

"तुझ्या जागी कोण बोलणार?"

"तुमचं तुम्ही बघा," तू म्हणालीस. "मी लिहून देणार नाही."

ते आपलं शेवटचं बोलणं.

तू गेल्यानंतर क्लासात जमलो तेव्हा पहिला प्रश्न हाच निघाला. नाना म्हणाले, "शो नको. बाई पडद्यावर हलणार आणि आवाज भलत्याचा, बरं दिसत नाही." शेठना पटलं नव्हतं, पण नानांच्या वयाला मान देऊन ते खाली बघत राहिले. हिराबाईच बोलली. "नाना, बाई हुती तवा तुमी लई सोंगं केली. आता न्हाई तर बोलायचंच बंद? मी बोलीन तिचं. जमलं का न्हाई, ते मागनं सांगा."

नाना कितीतरी वेळ टोपी काढून परत घालत राहिले. मग म्हणाले, "लावा."

रविवारी दुपारी शो झाला. खिडक्यांना त्याच घोंगड्या. भिंतीवर तुझे कागदी नमुने खिळ्याला तसेच टांगलेले. क्लासातल्या मुली, त्यांच्या आया, बाजारपेठेतली माणसं, तुमच्या वस्तीतले बरेच जण. बाबा नेहमीच्या जागी, शेवटच्या रांगेत भिंतीला टेकून. इतक्या वर्षांत ते जवळजवळ प्रत्येक शोला आले आणि एका शब्दाने कधी काही बोलले नाहीत. शो संपला की चप्पल घालून घरी.

हिराबाईने तुझं काम छान केलं. तुझी नक्कल केली नाही, आपल्याच बोलीत बोलली, त्यामुळे पहिल्या एक-दोन दृश्यांनंतर कुणाला अडखळल्यासारखं झालं नाही. मेंढरांतून मुली चालल्या तेव्हा हशाही झाला, रडता रडता झाला तरी हशाच. मग ओटा आला.

पडद्यावर नाना पायरी चढायला लागले. "तितंच हुबा ऱ्हा," हिराबाई म्हणाली. पडद्यावर तू आकडे बोलत होतीस. हिराबाईला आकडे पाठ नव्हते, तेवढा वेळ नुसती प्रोजेक्टरची घरघर. मग, "झालं. अंदाजानं घेतलं." आणि तीही थांबली. तुझ्याइतकीच.

पडद्यावर नानांचे ओठ हलले. सतरंजीवरचे नाना काही बोलले नाहीत. चित्र पुढे सरकलं, ती वेळ गेली असं मला वाटलं. मग नाना म्हणाले, "मग टेप गळ्यात कशाला?" खालच्या आवाजात, पण खोलीत सगळ्यांना गेलं. एवढ्यावर त्यांना थांबता आलं असतं. ते थांबले नाहीत. "मग टेप गळ्यात कशाला? आणि बाही लांब झाली तर माणसानं कुणाला सांगायचं?"

पडद्यावर तुझे ओठ हलले. ते "सवय आहे" होतं, मला ठाऊक आहे. तुझं काम हिराबाईकडे होतं. पण ती मान वळवून मागे बघत होती.

शेवटच्या रांगेतून बाबा म्हणाले, "लांबच हुती. म्या दुमडून घातली."

तू पायरी उतरलीस आणि टेप नानांच्या छातीभोवती घेतलीस. त्यांनी हात वर केले. पट्टा सैल होता, म्हणून सगळं जरा सावकाश झालं.

घोंगड्या काढल्यावर उजेडात कुणाला कुणाकडे बघावं कळेना. शेठनी चहा सांगितला. नाना उठून मागच्या रांगेपाशी गेले. "कोट आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

"हाय. पेटीत हाय," बाबा म्हणाले.

"आणा दुकानात. तुम्हीही या. माप घ्यावं लागेल."

बाबांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "बगू," ते म्हणाले. याहून जास्त काही नाही, आणि मला ते पुरेसं वाटलं. नानांनाही वाटलं असावं, कारण ते तिथेच, त्यांच्या शेजारी भिंतीला टेकून बसले.

तेव्हा सुमनताई, भांडण तू जिंकलीस. मी ते वाक्य छापलं असतं तर बाबांचं वाक्य आलं नसतं. दोन्ही वाक्यं आज इथे छापली आहेत, ज्यांची आहेत त्यांनी चारचौघांत बोललेली. मी "ते म्हणाले" म्हणून सांगितलंय खरं, पण त्याला इलाज नाही. माझं कामच ते आहे.

पुढचा शो आंबवड्याला, देवळापाशी ठरला आहे. तिथून बोलावणं तू असतानाच आलं होतं. निघताना हिराबाई घोंगड्यांच्या घड्या घालत होती. ती बाबांना म्हणाली, "आता मागं बसायचं न्हाई. तुमी हितं, पडद्यापाशी."

बाबा सतरंजीच्या कडेला उभे राहिले, तू बसायचीस त्या जागेकडे बघत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हितं बसून काय बोलायचं आसतं?"

मी म्हणालो, "तिने लिहून दिलेलं नाही, बाबा."